चौथा खांदा

आमच्या घाटकोपरच्या चाळीत कुणी गेलं की पहिली हाक मला, "जयवंत, चल रे, बांधायचंय." तिरडी बांधणं म्हणजे काय खायचं काम नाही. गाठ ढिली पडली की जिन्याच्या वळणावर मयत घसरतं. चाळीस वर्षांत माझी एक गाठ सुटली नाही, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

मग चाळ बिल्डरकडे गेली नि बिऱ्हाडं पांगली. नीला विरारला, कुंडलिक गावाला. शेवटी आमच्या मुलाने, नितेशनेही बदलापूरला फ्लॅट घेतला. टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची जानकीकाकू कठड्याला धरून उभी होती. वय चौऱ्याऐंशी, ना मूल ना बाळ. खोली सोडायला काही केल्या तयार नव्हती.

"तू गेलंस काय माझी कोण बांधतलो रे?"

"मीच येणार काकू, शप्पथ." म्हणालो खरा, पण वर बघायची हिंमत झाली नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी तिच्या पुतण्याचा, गोरेगावच्या नंदूचा फोन आला. काकू गेली. मी, माझी बायको प्रेमा आणि नितेश तसेच निघालो. वाटेत जुन्या शेजाऱ्यांना एकेक करून फोन लावले. सगळ्यांचं एकच, "डायरेक्ट स्मशानात पोचतो ना." अरे, स्मशानात पोचतो! तिसऱ्या मजल्यावरून तिला खाली काय तुमचे बाप आणणार?

चाळीतल्या खिडक्यासुद्धा उचकटून नेल्या होत्या. काकूच्या खाटेखाली बांबू आणि सुतळीचा गुंडा नीट ठेवलेला. माझ्यासाठी. मी रडलो, लपवत नाही. रडत रडतच गाठी मारल्या, एकही ढिली नाही.

उचलायला वळलो तर मी, नितेश आणि नंदू. तिघंच. शववाहिनीचा ड्रायव्हर खालूनच ओरडला, गाडी गल्लीत अडकलीय, सोडून येता येत नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात प्रेमाने पदर खोचला आणि चौथ्या टोकाशी जाऊन उभी राहिली.

"अगं, बायका खांदा देतात का कधी?" मी खेकसलो.

"तुमच्या वेळी तरी कोण येणारेय बदलापूरला?" ती म्हणाली. "आत्तापासून सवय झालेली बरी. उचला."

ती माझ्याहून वीतभर बुटकी. तिन्ही जिने मी गुडघे वाकवून उतरलो.