काळीनं पाणी पाहिलं

घर विकत घेताना शहाणी माणसं कागद बघतात, भिंतींची ओल बघतात. आमचं घर मेंढीनं पसंत केलं. हसायचं तर हसा. मी तेव्हा हसले नव्हते, मला उलट अभिमान वाटला होता.

घर बेगमपुऱ्यात, जुन्या दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला. दगडी जोतं, वर पत्रे, मागच्या भिंतीवरून मकबऱ्याचे मिनार दिसायचे. मकबरा जवळ म्हणून वर मजला चढवायला परवानगी मिळत नाही, आणि म्हणूनच ते आमच्या ऐपतीत बसलं. माझा नवरा अजिनाथ कंपनीत कामाला, त्याला क्रांती चौकाकडं फ्लॅट हवा होता. पण माझ्या सासऱ्यांनी, त्रिंबक आबांनी, फुलंब्रीकडची सगळी मेंढरं विकून घराला हातभार लावला होता. तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांना बघायचा होता फक्त अंगणातला आड. या शहरात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. ज्याच्या दारी आड, त्याचा थाट.

विकणारे नानासाहेब मोठे जमीनदार, बोलायला लोण्यासारखे मऊ. "नहरीवरचा आड हाये, त्रिंबकराव," ते म्हणाले. "जुन्या लोकांनी डोंगरातून पाणी आणलं, ते काय उगाच? पण मी कशाला सांगू, तुम्हीच बघा."

आबांनी बघितलं. आड निम्म्याच्या वर भरलेला होता. सगळी मेंढरं विकली तरी एक काळी तेवढी त्यांनी मागं ठेवली होती, तिला टेम्पोत घालून सोबत आणलं होतं. आमच्यात नव्या जागी तळ टाकायचा तर आधी जनावराला तिथलं पाणी दाखवतात. तोंड लावलं तर मुक्काम, मान फिरवली तर पुढं चला. आबांनी बादली शेंदून तिच्यापुढं ठेवली. काळीनं ती तळापर्यंत संपवली.

"जनावर फसत नाय," आबा म्हणाले, आणि सौदा झाला.

पंधरवड्यात आडाचा तळ दिसला. शेजारच्या रत्नमालाबाईंनी तेव्हा सांगितलं, की आम्ही बघायला यायच्या आदल्या दिवशी नानासाहेबांनी आडात टँकर ओतून घेतले होते.

"मग आधी का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुमी इचारलं का?" त्या म्हणाल्या आणि मेथी निवडत राहिल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून आड थोडाच भरतो. नहर केव्हाच बुजली होती, तिच्यावर लोकांची घरं उभी होती. काळीचं तरी काय चुकलं? पाणी गोडच होतं. फक्त ते आडाचं नव्हतं.

आबांना कुणी बोललं नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं. ते दिवसभर काळीजवळ बसून राहायचे, जेवायला चार हाका माराव्या लागायच्या. मी दोन गल्ल्या पलीकडच्या बोअरवरून पाणी आणायचे. पाचवा महिना होता मला. भरलेले कॅन दोन्ही हातांत घेऊन येताना उतारावर पाय घसरला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला उचलायला आबाच धावले होते. त्यांच्या धोतराला लागलेलं रक्त मी नंतर धुतलं. तेसुद्धा पाणी बघून बघून.

त्यानंतर अजिनाथनं घर विकायला काढलं. प्रेरणा नावाची एक मुलगी वैजापूरहून आईला घेऊन बघायला येणार, असं ठरलं. आदल्या दिवशी सकाळी टँकर आला. पाईप मीच धरला. आबा ओट्यावरून बघत होते.

"आबा," अजिनाथ म्हणाला, "उद्या तुमी काय बोलू नका. नुसतं गप बसा."

आबा उठून काळीकडं गेले. आम्हा दोघांना धास्ती एकच होती, म्हातारा खरं बोलून बसेल. जन्मात खोटं बोललेला माणूस नव्हे तो. आणि हे घर गेलं नाही, तर मला त्या उतारावरून पुन्हा कॅन आणावे लागणार होते.

प्रेरणा आत आली तशी माझी नजर तिच्या पोटावर गेली. सातवा असावा. मला गलबलून आलं. रागही आला तिचा, का ते विचारू नका.

"ताई, पाणी बाहेरून भरावं लागतं का हो?" तिनं विचारलं.

"आड आहे ना," मी म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

तिची आई केसरबाई मात्र पक्की होती. आडात वाकून बघितलं, खडा टाकून बघितला, मग आबांपुढं जाऊन उभी राहिली. "इकणारे चांगलंच सांगत्यात. आबा, तुमी जुनं माणूस. तुमी सांगा, पाणी टिकतं का?"

अजिनाथचा चेहरा उतरला. मी चहा घेऊन दारात आले होते.

आबा सावकाश उठले. बादली शेंदली, अंगणात ठेवली आणि काळीचं दावं सोडलं. काळी धावलीच. बादलीत डोकं खुपसून अशी प्यायला लागली, की बादली कलंडायची वेळ आली.

"जनावर फसत नाय," आबा म्हणाले.

केसरबाईंनी त्यांना हात जोडले. "लई बरं वाटलं आबा. लेकीचा घोर मिटला." तिथंच इसार झाला.

माणसं गेल्यावर माझं लक्ष गोठ्याच्या कोपऱ्याकडं गेलं. काळीची पाण्याची पाटी पालथी घातलेली होती, आणि तिच्याखालची जमीन कोरडी ठाक. टँकर गेल्यापासून, मे महिन्याच्या उन्हात, आबांनी तिला पाणी दाखवलंच नव्हतं. आम्ही त्यांना नुसतं गप बसायला सांगितलं होतं.

"आबा, हे कशाला केलं?" मी विचारलं.

"माझ्या शब्दावर घर घेतलं, पोरी," ते म्हणाले. "माझ्याच शब्दावर जाऊ दे."

मग ते काळीला घेऊन बाहेर पडले. दिवस मावळताना परत आले, तेव्हा हातात नुसतं दावं होतं. ती कुणाला दिली, ते मी विचारलं नाही. त्यांनी ते दावं आडात टाकलं. टप्पकन आवाज आला. आडात अजून पाणी होतं.