हमालाची खूण

कल्तुमा दारात उभी राहिली तेव्हा तिजानीनं तिला ओळखलंच नाही. भिकारीण समजून "माफ कर बाई, पुढं जा" म्हणाला! सख्खी धाकटी बहीण. वेढा पडलेल्या अल-फाशर शहरातून अकरा दिवस चालत इथं न्यालाला आलेली, पाठीला पोर बांधलेली, अंगावर नुसती हाडं उरलेली.

"दादा, मी आहे रे," ती म्हणाली, आणि तिजानी रडायलाच लागला.

तिजानीच्या बायकोनं बाजरीच्या पिठाची घट्ट असीदा ढवळली, वर सुक्या भेंडीचं कालवण ओतलं. पोर दोन्ही हातांनी खात सुटली.

"चार महिने शेंगदाण्याची पेंड खाल्लीय तिनं," कल्तुमा म्हणाली. "गुरांची. शेवटी तीही मिळेना."

"आणि हारून? तो मागून येतोय ना?"

नवऱ्याचं नाव ऐकून तिनं हातातला घास खाली ठेवला. "आधी तू सांग. हल्ली कुठं हमाली करतोस?"

"विमानतळावर."

"कसला माल?"

"दूध, औषधं. पेट्यांवर लिहिलेलं असतं तसं."

आता काय म्हणावं या माणसाला! तीस वर्षं शेंगदाण्याची पोती वाहिलेला गडी. पोतं खांद्यावर घेतलं की किती ओलं, किती कोरडं ते सांगायचा. दुधाची भुकटी इतकी जड नसते हे त्याला कुणी शिकवायला हवं होतं? परदेशी विमानं यायची. पाठवणारे कोण, कुठले, कुणी नाव काढत नसे. पेट्या उतरायच्या, आणि परतीला खाणीतलं सोनं चढायचं. अल-फाशरला वेढा घालणारेच बंदूकवाले पहाऱ्याला. संध्याकाळी हमालांना पीठ मिळायचं. बाजार तर केव्हाच जळाला होता. दूध लिहिलंय ना, मग दूधच, अशी तिजानीनं मनाची समजूत घातली होती.

"वेढेवाल्यांनी शहराभोवती खंदक खणलाय, त्याच्यापलीकडे एक पेटी पडली होती," कल्तुमा म्हणाली. "तिच्यावर तुझी खूण होती."

माल मिसळू नये म्हणून हमालांची प्रत्येक टोळी कोळशानं आपली खूण करते. तिजानीची तीन आडव्या रेघा आणि वर गोल, बापाच्या वेळेपासूनची. हात आपसूक फिरायचा.

"आमच्या दुकानात वीस वर्षं त्याच खुणेची पोती उतरली. हे आनंदानं ओरडले, 'अगं, तिजानीनं दाणे पाठवले! म्हटलं नव्हतं, मेहुणा आपल्याला विसरायचा नाही?' मी म्हटलं, जाऊ नका हो. ऐकतात होय! पोरीसाठी धावले. पेटीला हात लावला आणि गोळी लागली."

तिजानीनं कोळशानं काळी झालेली बोटं अंगरख्याला पुसली.

"मी सरपटत गेले त्यांना ओढायला. तेव्हा पेटीत पाहिलं. नुसतं गवत होतं, आणि गवतात तोफगोळे ठेवल्याचे खळगे. गोळे आदल्याच दिवशी आमच्या गल्लीत पडले होते. दादा, तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं.

"होतं," तो म्हणाला. "पहिल्याच पेटीला कळलं होतं."

तिनं शिव्याशाप दिले असते तरी त्याला बरं वाटलं असतं. तिनं पोरीचं तोंड पुसलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सकाळी विमानाची घरघर घरावरून गेली. बाहेरून मुकादमानं हाक मारली, "तिजानी, चल रे! आज दोन उतरतायत. का बहिणीचे लाड करत बसणार? बंदूकवाले घरी येतील हं बोलवायला!"

तिजानी उठला नाही. त्यानं झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, पिठाच्या डब्याकडे पाहिलं. मग उठला. कल्तुमा दारातच बसली होती. आता ही वाट अडवणार, असं त्याला वाटलं. अडवावी असंही वाटलं. ती बाजूला सरकली.

"दादा, खूण तेवढी करू नकोस," ती म्हणाली. "आपली माणसं आहेत अजून तिथं. बघून धावत येतील."

तिजानीनं खिशातला कोळसा काढून तिच्या हातावर ठेवला आणि तो कामाला गेला.