मागे पुरुषाचा आवाज

अर्चनानं रेकॉर्डिंग पुन्हा मागं घेतलं आणि कान लावला. गॅस पेटला, भांडं वाजलं, कुणीतरी दबक्या आवाजात बोललं. तिनं टाइप केलेल्या मजकुरात त्या जागी कंसात एवढंच होतं: मागे पुरुषाचा आवाज.

मुरबे गावातल्या पुष्पलतामावशींची ही मुलाखत. मासेमारी करणाऱ्या घरांतल्या बायकांवर बोईसरच्या कॉलेजात संशोधन चाललं होतं, त्यासाठी महिन्यापूर्वी अर्चनानंच घेतलेली. बाईला एकटीला बसवायचं, ही पद्धत. नवरा शेजारी असला की तोच उत्तरं देत सुटतो. म्हणून तिनं नामदेवकाकांना गोड बोलून बाहेर पिटाळलं होतं. बिचारे निमूट उठून गेले, ते मागच्या दारानं स्वयंपाकघरात.

आज सकाळी मावशींचा फोन आला.

"बाय, आमचे गेले. तेरावं पन झालं. फोटू हाय माझ्याकडं, आवाज नाय. तुझ्या मशीनीत हाय काय?"

होता. पण कुठं, तर नेमका नको त्या जागी! अर्चनानं कपाळाला हात लावला. सांगावं का, नाही म्हणून? खोटं बोलायला जीभ रेटेना. दुपारी ती मुरब्याला गेली.

अंगणात काठ्यांवर बोंबील सुकत होते. मावशी ओट्यावर बसल्या होत्या, कपाळ मोकळं.

"थोडंच आहे, मावशी. आणि त्याच्याआधी तुमचं बोलणं…"

"लाव गं."

तिनं मोबाइल दोघींच्या मधे ठेवला.

"घरकामात काकांची मदत होते का?" अर्चनाचाच आवाज.

"कसली मदत, बाय! बोटीवरनं आले का आडवे. जन्मात एक कप चाय नाय दिला मला."

आणि मागून, "चाय केलाय. साखर कमीच टाकलीय. आनू काय?"

"ठेवा तितंच. बोलतेय ना मी!"

"बरं."

अर्चनाला मान वर करवेना.

"तो चाय मी नाय प्याले," मावशी म्हणाल्या. "तू गेल्यावर ओतून दिला. थंड झालता."

"मीच त्यांना उठवलं, मावशी."

"तू काय करशील? परत लाव."

तिनं परत लावलं. मावशींनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. रडू आवरत नव्हतं आणि ऐकायचंही होतं.

"परत."

बोंबलांवर कावळा बसला तरी त्या उठल्या नाहीत.

"साखर कमीच टाकलीय. आनू काय?"

या खेपेला मोबाइलमधल्या बाईला त्यांनी बोलूच दिलं नाही. पदर सोडून, घाईघाईनं, तिच्यापेक्षा मोठ्यानं म्हणाल्या,

"आना. आना इकडं."

"बरं," नामदेवकाका म्हणाले.