नथॅनियलला शोभेल असं नाव

मुलगा होऊन सात दिवस झाले होते, आणि या सात दिवसांत याओ बेडियाको एकच वाक्य निदान वीस वेळा तरी बोलला असेल: "नावाला नाव शोभलं पाहिजे."

पहिल्या नावाचा प्रश्नच नव्हता. नथॅनियल. ते त्याच्या बायकोच्या, सेर्वाच्या, चर्चमधून आलं होतं. मधलं नाव मात्र बापाने द्यायचं, आणि थोरल्या मुलाला शक्यतो आजोबांचं द्यायचं. ज्याचं नाव घ्यावं त्याचे गुण मुलात उतरतात, हे त्यांच्यात शेंबडं पोरही सांगेल.

"नथॅनियल अम्पोन्सा," याओ आरशापुढे उभा राहून म्हणाला. "बघ, कसं भारदस्त वाटतं!"

"वाटणारच. ऑफिसातल्या साहेबांचं नाव ते," सेर्वा बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली. "मागोमाग बढतीही येईल भारदस्त."

"बढतीचा काय संबंध? ते नथॅनियलला जुळतं."

"जुळायला ते काय शर्टाचं कापड आहे? सरळ सांग ना, बाबांचं नाव नको म्हणून."

याओ आरशापुढून बाजूला झाला.

बाबांचं नाव क्वाकू सुमिना. सुमिना म्हणजे उकिरडा. याओच्या आजीची चार मुलं ओळीने गेली होती. पाचवं झालं तेव्हा तिने ते उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने ते उचलून परत आणून दिलं, आणि नावही तेच ठेवलं. मरणाने नाक मुरडून पुढे जावं, एवढीच त्या माउलीची इच्छा. मरण पुढे गेलं. पोर जगलं, सुतार झालं, आणि अर्ध्या गावाची दारं त्याच्या हातची झाली. गावात त्या नावाला कधी कुणी हसलं नाही.

पण याओ शिकायला कुमासी शहरात गेला. वसतिगृहातली पोरं तो आला की नाक दाबायची. "कुठून रे वास येतोय?" असं एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी खिदळायचं. चौदाव्या वर्षी त्याने शाळेच्या कागदावर सुमिनाच्या जागी मामाचं आडनाव लिहिलं, बेडियाको. सुट्टीत घरी आल्यावर वडिलांना सांगितलं. ते रंधा मारत होते. "बरं," म्हणाले, आणि रंधा थांबला नाही. पुढे वीस वर्षं तो विषय कुणी काढला नाही.

सातव्या दिवशी दुपारी बाबा गावाहून आले. एका हातात दोन कोंबड्या, डोक्यावर केळ्यांचा घड. पाणी पिऊन होईस्तोवरही याओला धीर निघाला नाही.

"बाबा, मधल्या नावाचं म्हणत होतो..."

"काय ठरवलंस?"

"नथॅनियलच्या पुढे तुमचं नाव जरा... म्हणजे ऐकायला जड जातं. अम्पोन्सा बरोबर बसतं."

म्हाताऱ्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "बसतं?"

"हो. कानाला बरं लागतं."

"मग तेच ठेव. सांधा बसला पाहिजे बाबा, नाहीतर दार कुरकुरतं." ते हसलेसुद्धा. मग थोड्या वेळाने विचारलं, "उद्या नाव ठेवताना पाणी कोण चाखवणार बाळाला?"

हे याओच्या डोक्यातच आलं नव्हतं. "तुम्हीच," तो घाईने म्हणाला. एक काढून घेतलं तर दुसरं काहीतरी हातावर ठेवावं, तसं ते झालं, आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं वाटलं.

आठव्या दिवशी उजाडता उजाडता अंगणात माणसं जमली. पुढच्या रांगेत अम्पोन्सा साहेब, खांद्यावरून भरजरी वस्त्र घेतलेले. मागे ऑफिसातली मंडळी. मधोमध बाबा बसले होते, धुतलेल्या पांढऱ्या वस्त्रात, मांडीवर नातू. शेजारी दोन पेले, एक पाण्याचा, एक दारूचा.

बाबांनी पाण्यात बोट बुडवून बाळाच्या जिभेवर टेकवलं. "पाणी म्हणालास, तर ते पाणीच असू दे." तीनदा टेकवलं, तीनदा म्हणाले. मग खणखणीत आवाजात नाव घेतलं, "नथॅनियल अम्पोन्सा!"

साहेबांनी मान डोलावली.

"थांब रे दादा," बाबांची बहीण, पोकुआ आत्या, खुर्चीतून पुढे सरकली. "हा अम्पोन्सा कुठला? आपल्यात तर कुणी नाही. थोरल्या नातवाला तुझं नाव का नाही? पोराला बापाची लाज वाटते की काय?"

साऱ्यांच्या माना याओकडे वळल्या. तो स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

"तोंड आवर, पोकुआ," बाबा म्हणाले. "तो माझंच ठेवत होता. हट्टच धरून बसला होता. मीच नको म्हटलं."

त्यांचं बोट अजून ओलं होतं.

याओने आपल्या बापाला खोटं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं काम रखडलं तर पाऊस, ताप, लाकूड, कशाचीही सबब ते सांगत नसत. "आळस केला," म्हणत. आणि आज, नातवाला खऱ्याची चव दिल्या दिल्या, पन्नास माणसांत ते खोटं बोलले होते. कुणासाठी, ते त्याला कुणी सांगायला नको होतं.

"खोटं आहे ते," याओ म्हणाला.

"काय पुटपुटतोस?" आत्या म्हणाली.

"बाबा माझ्यासाठी खोटं बोलताहेत. ते नको म्हणाले नाहीत. मलाच त्यांच्या नावाची लाज वाटत होती."

"याओ, खाली बस," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. ते विनवत होते.

तो बसला नाही. "साहेब, माफ करा. तुमचं नाव तुमच्या मोठेपणासाठी घेतलं नव्हतं मी. माझं झाकायला घेतलं."

साहेबांनी वस्त्राची घडी सारखी केली. "हं," एवढंच म्हणाले. त्या 'हं'चा अर्थ सोमवारी ऑफिसात कळणार होता.

शेवटी आत्यानेच दारूचा पेला भावापुढे सरकवला. "हे राहिलंय अजून. आता पोराच्या बापानं नाव सांगावं."

"नथॅनियल सुमिना," याओ म्हणाला.

"पोराला तरी ऐकू गेलं का? तीनदा सांग. मोठ्यानं," आत्या म्हणाली.

दुसऱ्यांदा त्याने आवाज चढवला, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. ऑफिसातल्याच एकाचं हसू, त्याने ओळखलं. कानांच्या पाळ्या तापल्या, अगदी वसतिगृहात तापायच्या तशा. खरं बोललं की लाज जाईल असं त्याला वाटलं होतं. ती गेली नव्हती. चौतीस वर्षांचा बाप्या तो, आणि त्याचा बाप समोर त्याच्याच मुलाला मांडीवर घेऊन बसला असताना त्याचे कान तापत होते. कान तापल्याच्या या दुसऱ्या लाजेपुढे पहिली काहीच नव्हती.

"नथॅनियल सुमिना!" तिसऱ्यांदा शेजारच्या अंगणातही ऐकू गेलं असेल.

बाबांनी दारूत बोट बुडवलं. "दारू म्हणालास, तर..." अम्पोन्सा हे नाव खणखणीत घेणारा तो आवाज इथे फुटला. ते थांबले, खाकरले. पन्नास माणसं वाट बघत राहिली. मग त्यांनी बोट पुन्हा बुडवलं, आणि ते वाक्य पहिल्यापासून म्हणायला घेतलं.

याओला मान वर करून त्यांच्याकडे बघवलं नाही.