आसियाचं मानधन

आमच्या आसियाच्या छातीवर आंतरराष्ट्रीय फुटबॉल पंचाचा बिल्ला लागला, तेव्हापासून मिरजेतल्या निम्म्या लोकांना तिची कमाई माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मोबाईल काढायचा, असल्या पंचांना पैसे किती मिळतात ते विचारायचं आणि लाखांचा आकडा घेऊन माझ्या शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचं, हा त्यांचा उद्योग. तो आकडा विश्वचषकात शिट्टी वाजवणाऱ्या मूठभर लोकांचा असतो. आसिया रेषेवरून झेंडा घेऊन पळणारी सहायक पंच आहे आणि विश्वचषक तिनं आमच्यासारखाच टीव्हीवर बघितलाय. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. मशिदीच्या रंगकामाची वर्गणी मागायला आलेल्यांना मी पाचशे रुपये दिले, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांच्या खिशातनं काढून घेतलेत.

खरी गोष्ट म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. वर्षाकाठी परदेशातले दोन-तीन सामने मिळाले तर मिळाले, तिथं दिवसाचा भत्ता असतो. इथल्या सामन्यांचं मानधन काही हजारांत, तेही हातात पडेपर्यंत कधी दोन महिने जातात, कधी चार. पोटापाण्यासाठी ती एका शाळेत कंत्राटी क्रीडाशिक्षिका आहे आणि सामन्याला गेली की शाळा तेवढ्या दिवसांचा पगार कापते. बूट, डॉक्टर, खुराक सगळं पदरचं. वर दर वर्षी पळण्याची परीक्षा, त्यात नापास झाली की बिल्ला गेला. पोरगी एकोणतीस वर्षांची आहे आणि जिना उतरताना कठडा धरते.

आलेल्या प्रत्येक स्थळाची अट एकच, पळणं बंद करा. कुणाला तिचे कपडे खटकायचे, कुणाला तिचं परगावी राहणं. आसिया तोंडावर नाही म्हणायची आणि मग नूरजहां, माझी बायको, दोन-दोन दिवस माझ्याशी बोलायची नाही. नकार पोरीचा, शिक्षा मला.

गेल्या रविवारी साताऱ्याचं स्थळ आलं, तेव्हा मला फारशी आशा नव्हती. मुलगा तारिक, टायरचं दुकान आहे, बोलायला मवाळ. बरोबर त्याची आई आणि तिचा भाऊ, अफताब मामू. मामू उंबरा ओलांडायच्या आधीपासून बोलत होते ते बसेपर्यंत बोलतच होते. आसिया सकाळीच गोव्याचा सामना उरकून आली होती. तोंड उन्हानं करपलेलं, उजव्या गुडघ्याला पट्टी, वरून ओढणी.

तारिकच्या आईनं आल्या आल्या सांगून टाकलं की त्यांना काही नको, आणि पोरीनं आपलं काम सोडायचं नाही. ती सामन्याला गेली तर घर मी बघीन, म्हणाली, मला भाकरी थापता येतात अजून. नूरजहांच्या डोळ्यांत पाणी आलं. आसियानं मान वर करून त्या बाईकडे बघितलं. तिचा असा मोकळा चेहरा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मलाही वाटलं, जगात भली माणसं आहेत अजून.

मग मामूंनी मेहेरचा विषय काढला. नवऱ्यानं नवरीला द्यायची ती रक्कम त्यांनी एवढी मोठी सांगितली की मला दोनदा विचारावं लागलं. सून तोलामोलाची, तर मेहेरही तसाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ओघात हेही आलं की वर्ष-दोन वर्षांत तारिकचं दुसरं दुकान कऱ्हाडात निघेल, आसियाच्या चार-पाच सामन्यांत ते सहज बसेल.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मामू, तो आकडा आमचा नव्हे, एवढं म्हटलं की काम होतं. शब्द ओठावर आले. नूरजहांनं कोपरानं मला ढोसलं आणि मी चहाचा घोट घेतला. एकदा निकाह झाला की पुढचं पुढं बघू, असं मनात म्हटलं. आसिया माझ्याकडे बघत होती. मी कपात बघत राहिलो.

“मामू,” आसियाच म्हणाली, “तुमी मोबाईलवर बघितलं ते माझं न्हाई. गेल्या साली सगळं सामनं मिळून जे आलं, त्यातनं डॉक्टर, बूट आनि कापलेला पगार काढला, तर माझ्या हातात कायबी उरलं न्हाई.”

मामूंनी मोबाईल काढला, बघितला, परत खिशात ठेवला. कुणी चिडलं असतं तर बरं झालं असतं, निदान मला चिडून बोलता आलं असतं. पण तारिकची आई उठून आसियाजवळ जाऊन बसली आणि तिचा हात हातात घेतला.

“मग कशाला गं एवढ्या उन्हात पळतीस?” तिनं विचारलं. अगदी काळजीनं विचारलं.

नंतर ती माझ्याकडे वळली. पोरगी त्यांना पसंत होती, उलट खरं बोलली म्हणून जास्तच. मेहेर ऐपतीप्रमाणे देऊ, बाकी काही नको, फक्त ते पळणं आता पुरे. तारिकही हळूच म्हणाला की चार पैसे मिळत असते तर गोष्ट वेगळी होती. त्यात वाईट काय होतं? बाजारात कुणीही हेच म्हणेल.

आता आसिया नेहमीसारखं नाही म्हणेल म्हणून मी थांबलो. ती आपल्या गुडघ्याकडे बघत होती.

“अब्बा म्हनतील तसं,” ती म्हणाली.

मी गार पडलो. अख्खं मैदान अंगावर ओरडत आलं तरी उचललेला झेंडा खाली न घेणारी ही पोरगी. तिनं आजवर चपला घेतानासुद्धा मला विचारलं नव्हतं. नूरजहां माझ्याकडे डोळे लावून बसली होती. खोटं कशाला सांगू, मलाही मान हलवावीशी वाटली. मीही थकलोय. घर चांगलं, मुलगा चांगला, सासू अशी हात धरून बसलेली. पण मघाशी मी तोंड मिटून बसलो होतो ते आसियानं पाहिलं होतं. पुन्हा तेच केलं असतं तर तिला बाप म्हणून तोंड दाखवायची सोय उरली नसती.

“न्हाई,” मी म्हणालो. “पैसा हाय म्हटल्यावर तुमाला ते काम वाटलं. पैसा न्हाई म्हटल्यावर नुसतं पळणं झालं व्हय? ती पळणार. चालत असंल तर बघा.”

ते चालणार नव्हतंच. पाहुणे रीतसर निरोप घेऊन गेले. तारिकच्या आईनं दारात आसियाच्या डोक्यावरून हात फिरवला. नूरजहां आत जाऊन कपबशा आपटत धुवायला लागली. माझी मात्र छाती फुगली होती. पहिल्यांदाच पोरीच्या बाजूनं उभा राहिलो होतो आणि ती काहीतरी बोलेल म्हणून वाट बघत होतो.

तिनं ओढणी बाजूला केली आणि गुडघ्याची पट्टी सोडायला लागली. गुडघा टम्म सुजला होता.

“अब्बा, मला व्हय म्हनायचं हुतं,” ती म्हणाली. “माझ्या तोंडातनं निघंना, म्हनून तुमच्यावर सोडलं.”

आतला कपबशांचा आवाज थांबला. आसियानं पट्टीची नीट गुंडाळी केली, भिंतीला हात लावून उठली आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तरी मला चाललं असतं.

“आता पळाय लागणार मला,” ती म्हणाली.