चालीला धरून आलेले शब्द

मी मेंदू बोलतोय. म्हणजे, धडपडतोय. अक्रोडासारखा सुरकुतलेला, सव्वा किलोचा. इंडोनेशियातल्या सोलो शहरात, सुतिनाहबाईंच्या कवटीत राहतो. घरात त्यांना 'इबू' म्हणतात, म्हणजे आई. इबू झोपल्या तरी मला स्वस्थ पडणं जमत नाही.

चाळीस वर्षं इबूंनी पाठीवर बाटल्यांची टोपली बांधून दारोदार जामू विकला. जामू म्हणजे औषधी मुळ्यांचा काढा. टोपलीचा तोल मागे बसलेला माझा लहान मेंदू सांभाळायचा. कुणाला हळद-चिंचेचा, कुणाला कडू, हे खोल आत साठवलेलं. श्वासाचं काम खालच्या देठाकडे. त्याने कधी रजा मागितली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या भागातली एक रक्तवाहिनी तुंबली. उजवा हात लुळा पडला, शब्द गेले. कळत सगळं होतं. बोलायला जावं तर "ता, ता" एवढंच निघायचं.

"इबूला आता काही कळत नाही," मुलगा पारजो त्यांच्यासमोरच बायकोला म्हणाला. "उद्या ताईकडे सुराबायाला पोचवतो."

मी आतून कवटी बडवत होतो. नाही जायचं! बाहेर आलं, "ता."

"बघ, हो म्हणते," म्हणत तो बॅग भरायला लागला.

त्याच सकाळी नवी सून वेनिंग पहिल्यांदा टोपली बांधून निघाली. दारातच तिने दबकत हाक दिली. "जामू..."

"काढा विकतेस की माफी मागतेस गं?" समोरची शेजारीण खिदळली.

मला राहवेना. शब्द डावीकडचे, पण सूर बराचसा उजवीकडे राहतो, आणि उजवी बाजू शाबूत होती. "जामूऽऽ! ताजा जामूऽऽ!" खाटेवरून अख्खी हाक गल्लीत गेली.

शेजारीण पेला घेऊन धावली. वेनिंग मात्र माघारी आली, खाटेशी बसली आणि त्याच चालीत हळूच म्हणाली, "सुराबायाऽऽ, जायचं काऽऽ?"

मी चाचपडलो. चाल पुढे सरकली, तिचा पदर धरून शब्द आले.

"नाऽऽही जायचंऽऽ!"

पारजोने बॅग रिकामी केली.

आता आमच्याकडे मीठसुद्धा गाऊन मागतात. पारजो भसाडा गातो, पण उत्तरासाठी थांबतो. तुम्हीही थांबत जा. माणूस गप्प झालं म्हणून आत कुणी नाही, असं धरून चालू नका.

सुनेचं नाव मला अजून सापडत नाही. रोज शोधतोय. तोवर इबू तिला हाक मारतात, "हळद-चिंऽऽच!"

आणि ती ओ देते.