घंटेला भिणारी मुलगी

मित्रांनो, शाळेच्या ऑफिसातल्या कपाटावर, फुटक्या पृथ्वीगोलाशेजारी जी जुनी पितळी घंटा दिसते ना, ती मी. लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. मला घडवणारा म्हणाला होता, "हिचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जाईल." गेला. मला त्याचा भारी अभिमान होता.

मला वाजवायचे शिपाईमामा. डोक्यावरचे केस गेले होते, गुडघे कुरकुरायचे, मनगट मात्र ठणठणीत.

एका वर्षी दूरच्या देशातून आलेली एक मुलगी शाळेत दाखल झाली. चौदा-पंधरा वर्षांची, इथली भाषा जेमतेम. पहिल्याच दिवशी मी वाजले आणि ती वर्गातून पळत सुटली, थेट जिन्याखाली. मग हे रोजचंच झालं. मुलं तिला 'ससा' म्हणू लागली. मोठ्या बाई मामांना म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत रुळली नाही, तर तिला दुसऱ्या शाळेत पाठवावं लागेल."

मामा मला घेऊनच जिन्याखाली शिरले. "पोरी, माझे गुडघे म्हातारे झालेत. रोज इथे बसायला लावू नकोस गं."

तिने माझ्याकडे बोट दाखवलं, मग वर आभाळाकडे, आणि दोन्ही हातांनी डोकं झाकलं. "तिकडे घंटा... सगळे पळा," एवढंच म्हणाली.

मामांना उमगलं: तिच्या देशात घंटा वाजली की आभाळातून बॉम्ब पडायचे. माझ्या आवाजाचं कौतुक मला तेव्हा पहिल्यांदा नकोसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी माझ्या लोलकाला जुना मोजा बांधला. झालं! मधल्या सुट्टीची घंटा कुणाला ऐकूच गेली नाही. गणिताचे सर शिकवतच राहिले, पोरांचे डबे तसेच राहिले.

"मामा, घंटेला सर्दी झाली का?" मोठ्या बाई कडाडल्या. मोजा सुटला.

मग मामा वाजवण्याआधी तिच्या खिडकीशी जायचे आणि लोलक मुठीत घट्ट धरून मला नुसतं उंच करायचे. ती बघायची, बाकाची कड धरायची. मगच मी वाजायचे. पळणं थांबलं, थरथर काही थांबेना.

महिना संपत आला. एका दुपारी मामांनी तिला बाहेर बोलावलं आणि माझी मूठ तिच्या हातात दिली. "घे. आज तू."

तिने मूठ दोन्ही हातांनी धरली. मोठ्या बाई दारात येऊन बघू लागल्या. शेवटी एक भित्रा 'ठण' झाला. मग आणखी एक. मग मी मनसोक्त वाजले.

दारं धाडधाड उघडली. पोरं आरडाओरडा करत मैदानाकडे धावली.

"बघ," मामा म्हणाले, "इकडेही पळतातच. पण खेळायला."

तिने मला मामांच्या हातात कोंबलं आणि ती पळाली. या वेळी जिन्याकडे नाही, मैदानाकडे. दुसऱ्या शाळेचं नाव मग कुणी काढलं नाही.

आता मामा नाहीत. भिंतीवरची विजेची घंटा वेळेवर वाजते, पण ती आधी कुणाच्या खिडकीशी जात नाही. ते काम आता तुमचं. मित्रांनो, तुमच्या वर्गात नवं कुणी दचकलं, तर हसू नका. त्याच्याशेजारी जाऊन बसा आणि हळूच सांगा, "आता वाजेल हं. मग आपण खेळायला जाऊ."